यंत्राची समाधी

टेलिफोनवाल्या ताईंनी स्वामींचं बिंग फोडलं आणि आम्ही सुटलो. पण असं काही घडलंच नाही, असं कार्यालयाने ठरवलंय. तेव्हा आपणही घडलं नाही असं धरून पुढे जाऊ.

आमच्या नकाशा कार्यालयात सगळा स्टाफ दारापाशी हात जोडून उभा होता. दाराला आतून मूठ नाही. लोक चहाला पळतात म्हणून साहेबांनी ती काढून अंगठा टेकवला की दार उघडणारं यंत्र बसवलं होतं. सकाळी शिपाई बाहेरून किल्लीने दार उघडतो, आम्हाला आत घेतो, दार ओढतो आणि जातो. मग कॉम्प्युटरवर नवी प्रणाली आली, त्याला जोडलेल्या अंगठायंत्राचा निळा दिवा मालवला आणि दार आतून उघडेना.

तो फक्त स्टोअरकीपरच्या शब्दावर पेटायचा. म्हणून ते स्वामी झाले. पंख्याखालची खुर्ची त्यांना, त्यांचं काम आम्हाला. सगळ्यांना अरे-तुरे.

"डोळे मिटा," कॉम्प्युटरपुढे बसून ते म्हणत. "यंत्र समाधीत चाललंय. माझं तेज सोसणार नाही."

पडदा काळा होई, पुन्हा उजळे, दिवा पेटे.

"पळा, शक्ती फार वेळ थांबत नाही."

त्या दुपारी ताईंना दवाखान्यातून फोन आला. वडिलांचं ऑपरेशन, सही त्यांचीच हवी, आत्ता.

"स्वामी, दार उघडा."

"तू मला लबाड म्हणालीस."

"मी भोंदू म्हणाले. लबाड ते हिशेबनीस म्हणाले."

हिशेबनीसांनी नकाशात तोंड खुपसलं.

"पायावर डोकं ठेव. मग बघू."

"अहो, वडील तिकडे खोळंबलेत माझे."

"मग वाकायला उशीर कशाला?"

ताई वाकल्या. आम्ही शिस्तीत डोळे मिटले. टेबलाखालून आवाज आला, "तुमच्या पायाचा अंगठा कॉम्प्युटरच्या बटणावर काय करतोय?"

"ते आसन आहे."

"पाय काढा."

ताईंनी स्वतः बटण दाबलं. पडदा काळा, पडदा उजळ, निळा दिवा. "शक्ती आली," हिशेबनीस पुटपुटले. तोवर ताई जिन्यात होत्या. सही वेळेत झाली.

मी प्रणालीच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे सरळ लिहिलं होतं: अनोळखी उपकरण, ड्रायव्हर नाही, वीज बंद. ड्रायव्हर म्हणजे उपकरणाशी कसं बोलायचं ते प्रणालीला शिकवणारा प्रोग्राम. जुन्या अंगठायंत्राचा तो नव्या प्रणालीकडे नव्हता. ओळख नाही म्हटल्यावर वीज वाचवायला ती त्याचा पुरवठाच तोडे. अंगठे ते यंत्र स्वतःच ओळखतं. कॉम्प्युटरकडून त्याला फक्त वीज लागते. कॉम्प्युटर नव्याने सुरू केला, की प्रणाली पुरती जागी होईपर्यंत ती मिळे. तेवढीच स्वामींची शक्ती.

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस बटणाच्या पाया पडले.

वाचकहो, कोंडलेल्या माणसाला दार उघडणारा कुणीही देव वाटतो. म्हणून कोंडल्यावर तरी डोळे मिटू नका; दार का अडलं, ते विचारा.

सबब, यापुढे चमत्कार करू इच्छिणाऱ्या सर्व संबंधितांनी चमत्कार पूर्ण होईपर्यंत आपले दोन्ही पाय टेबलावर, सर्वांना दिसतील असे ठेवावेत, ही नम्र विनंती.