पत्र्याच्या चौकटीतला अंगारा

जानकीच्या घरापुढच्या खळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. तिच्या देव्हाऱ्यातल्या फोटोच्या चौकटीतून चक्क अंगारा पडत होता!

"पडताहा गो, पडताहा!" शेजारच्या राधाबाईंनी हात जोडले.

"देव जागा झाला!" वाडीत नव्याने आलेले विभूतीबाबा डोळे मिटून गरजले. "मात्र चौकट ॲल्युमिनियमचीच हवी हो. लाकडात देव घुसमटतो." फोटो मांडण्याआधी ते चौकट 'तीर्था'ने स्वतः पुसून देत.

देवाला लाकडाचं वावडं कधीपासून झालं, हे कोणी विचारलं नाही. जानकीनेही नाही. उलट तिनेच घरोघरी जाऊन बाबांचं कौतुक सांगितलं. तिच्या लहानग्या रियाची भूक मेली होती. बाबांनी सांगितल्याप्रमाणे ती रोज दुधातून चिमूटभर अंगारा तिला पाजी. उरलेला पायदळी येऊ नये म्हणून भक्तिभावाने व्हाळात, घरामागच्या ओढ्यात, सोडी. सारी वाडीच सोडी. व्हाळ खाडीला मिळतो, आणि तिथे वाडीची पोरं तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचतात.

रियाची भूक परतली नाही. वर तोंड आलं, लाळ गळू लागली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर अक्षया तिला बघून चमकल्या.

"वयनी, हिका काय खावक देतास?"

"देवाचो अंगारो," जानकी पुटपुटली.

डॉक्टरांनी रियाला बापाबरोबर तातडीने ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात धाडलं. जानकीही निघाली, पण त्यांनी तिला थांबवलं. "तुमच्या सांगण्यान लोकांनी अंगारो घेतल्यानी. आता त्यांका सांगाक तुमीच चला."

खळ्यात बाबा आणि लोक जमलेलेच होते. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, बाबांची तीर्थाची बाटली घेतली आणि जानकीच्या टोपाचं ॲल्युमिनियमचं झाकण त्या तीर्थाने पुसलं. झाकणावर ना देव, ना मंत्र. तरी ते तापलं आणि त्यावर राख फुलून आली!

"ह्या तीर्थ नाय, पाऱ्याचा मीठ आसा," डॉक्टर म्हणाल्या. "ॲल्युमिनियमाक लागला काय त्येची राख होता, आणि राखेत पारो रवता. पोटात गेलो तर किडनी जाता. व्हाळात गेलो तर माशांत उतरता आणि परत आमच्याच ताटात येता."

बाबांनी झोळी उचलली, पण लोकांनी वाट अडवून पोलिसांना फोन लावला.

राधाबाई रागाने अंगाऱ्याच्या पुड्या घेऊन निघाल्या. "सगळो व्हाळात बुडवतंय!"

जानकीने धावत जाऊन त्यांचा हात धरला. "काकी, व्हाळात नको! थयसर आमचीच पोरा उतरतत!"

"मगे टाकू खंय? पायाखाली?"

"काचेच्या बरणीत," डॉक्टर म्हणाल्या. "घट्ट झाकण लावन माझ्याकडे दिया. मी त्येची नीट सोय करतंय."

जानकी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन दारोदार फिरली. ज्या दारांत तिने चमत्कार सांगितला होता, त्याच दारांत मान खाली घालून म्हणाली, "माझा ऐकान घेतलास, आता माका परत दिया." कुणी दिलं, कुणी बोल लावला. बोल तिला खरेच वाटले.

रिया वाचली. पण अजून दुधाचा पेला दिसला की ती आईकडून तोंड फिरवते. जानकी तो पेला मुकाट्याने परत नेते.

लाकडी चौकटीतून अंगारा का पडत नाही? एवढंच विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. तुम्ही विचारा, पोराच्या तोंडाला काही लावण्याआधी आणि व्हाळात काही सोडण्याआधी.