चांदणीच्या जंताचं औषध

तिसऱ्या तपासणीतही तेच निघालं, तेव्हा सूर्यभान गावंडेचं डोकंच फिरलं.

"जंतांची अंडी आहेत अजून," अमरावतीच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पौर्णिमा सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत म्हणाल्या. "मागच्यापेक्षा जास्तच. जंताचं औषध पाजलं होतं ना, काका?"

"पाजलं म्हंजे? तीन डाव पाजलं! आता काय त्यायले सलाईन लावू?"

"पाण्यात टाकलं म्हणजे पाजलं असं होत नाही. कबुतराच्या पोटात जायला पाहिजे." त्यांनी टेबलावरची चांदणी उचलून त्याच्या हातात दिली. "हिचं छातीचं हाड बघा किती वर आलंय. आणखी एक महिना असाच गेला तर ही जगत नाही."

चांदणी म्हणजे सूर्यभानचा जीव की प्राण. गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून सोडली, तर सव्वा तासात घरच्या छतावर हजर. आता तीच मादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची आणि हिरवं पाणी हगायची. रविवारी पुन्हा अकोल्याची शर्यत होती. ती तर गेलीच होती हातची. आता कबुतर राहील की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

बरं, औषधात कसूर म्हणावी तर तीही नाही. आदल्या दुपारपासून पाणी बंद, म्हणजे सकाळी तहानलेली कबुतरं वास-चव न बघता पितात. सकाळी सहाला भांड्यात दुधाळ औषध कालवायचं, आणि मग वलगावच्या शेतात तुरीकडे पळायचं. बाराला बायको साधना भांड्यात न बघताच ते ओतून ताजं पाणी भरायची. इतकं साधं काम! तरी सूर्यभानने औषधवाल्याशी भांडून घेतलं, बायकोवर संशय घेतला, आणि बायकोने दोन दिवस त्याला फोडणी न दिलेलं वरण वाढलं.

शेवटी शुक्रवारी तो शेतात गेलाच नाही. औषध कालवलं, जिन्याचं दार मुद्दाम धाडकन आपटलं आणि छतावरच्या टाकीमागे दबा धरून बसला. स्वतःच्याच घरात चोरासारखं बसायची वेळ आली म्हणून त्याला स्वतःचाच राग येत होता.

पाच मिनिटं झाली नसतील. शेजारच्या छतावरून कमरेएवढी भिंत ओलांडून मुनव्वर आला. हातात पाण्याची बादली. सवयीने खुराड्याची कडी काढली, औषधाचं भांडं मोरीत ओतलं, बोटांनी घासून धुतलं आणि स्वच्छ पाण्याने भरलं. चांदणी सगळ्यांत आधी पाण्यावर आली.

"मुन्या!" सूर्यभान टाकीमागून उसळला. "हरामखोरा, शर्यत जिंकाले माह्यी कबुतरं मारून राहिला तू?"

वीस वर्षं दोघांनी एकत्र कबुतरं उडवली होती. नागपूरच्या एका शर्यतीत कोणाचं कबुतर आधी उतरलं यावरून जुंपली, तेव्हापासून दोन वर्षं एक शब्द नाही. त्यामुळे तोंड उघडलं ते हे असं.

मुनव्वर दचकला, पण मागे सरला नाही. "मारून राहिलो? मी? कालच्या दुपारपासून भांडं कोरडं ठणठणीत, आन सकाळी त्यात चुन्यासारखं घाण पाणी! जनावरं पाळता येत नसन तं पाळू नका ना, सूर्यभानभाऊ! असं दिसलं का घरवाली जहाँआरा माह्या मागं लागते, जा, त्या मुक्या जिवायले पाणी पाजून या."

"ते औषध होतं, औषध! जंताचं!"

मुनव्वरने मोरीकडे पाहिलं. तिथे पांढरा ओघळ अजून वाहत होता. त्याचा चेहरा पडला. "तिन्ही डाव?"

"तिन्ही डाव! अबे, एकदा इचाराचं तरी!"

"काय इचारू? मी दिसलो का तुमी तिकडं थुकता!"

सूर्यभान आणखी चिडला. पण चिडायलाही आता काही अर्थ नव्हता. कबुतरं पोटभर पाणी पिऊन बसली होती, म्हणजे आजचा दिवसही गेला. उद्या मात्र वलगावला जाणं भागच होतं. तुरीचं मळणीयंत्र ठरलेलं, ते पुन्हा पंधरा दिवस मिळणार नव्हतं. त्याने रागारागाने औषधाची बाटली मुनव्वरच्या हातात कोंबली.

"आज दुपारपासून पाणी बंद. उद्या सहाले दोन झाकणं टाकजो. बारा वाजेपर्यंत कोणी साफ पाणी ठेवलं तं तुलेच धरीन!"

"अन् काही झालं तं मलेच बोल लावसान."

"लावीनच!"

शनिवारी तूर काढता काढता सूर्यभानचं अर्धं लक्ष घराकडे होतं. दुपारी दीडला तो धुळीने माखलेला तसाच छतावर चढला. मुनव्वर अजूनही खुराड्यासमोर पालथ्या बादलीवर बसलेला. डोक्यावर ऊन, मांडीवर न उघडलेला डबा.

"पेली का?"

"चांदणी तीनदा पेली. मोजून. बाकीचीबी सगळी."

सूर्यभानने चांदणीला हातात घेऊन पाहिलं, जणू औषध बाहेरून दिसणार होतं. एकदाचं गेलं पोटात! त्याला रडू यायचं बाकी राहिलं. आणि मग त्याची नजर भिंतीपलीकडे गेली. मुनव्वरची शर्यतीची सगळी कबुतरं खुराड्यातच होती.

"अबे, आज दहाले क्लबात कबुतरं जमा कराची होती ना? उद्याच्या शर्यतीले?"

"होती."

"मंग?"

"मी उठलो असतो तं जहाँआरानं साफ पाणी ठेवलं असतं," मुनव्वर वैतागून म्हणाला. "सांगतलं तरी आयकत नाई. दोन डाव लोटा घेऊन आलती. मी इथंच बसलो, मंग कोण नेईन कबुतरं?"

वर्षभराची तयारी घालवली याने, आणि तीही आपल्या कबुतरासाठी! सूर्यभानला लाज वाटली, माया दाटून आली, आणि या दोन्हींचा त्याला भयंकर राग आला.

"फोन कराचा ना मले, गाढवा! मी पोराले धाडलं असतं!"

"केला ना. चार डाव. लागतच नाई. तुमी ब्लॉक केलं हाय मले, दोन वर्सं झाली."

सूर्यभानने खिशातून फोन काढला, वर-खाली बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि शेवटी मुनव्वरपुढे केला.

"कसं काढतेत हे? काढ तूच."

"मले येत असतं," मुनव्वर म्हणाला, "तं म्या माह्या फोनातला तुमचा ब्लॉक नसता काढला कवाचा?"