दाराआड नऊ मिनिटं

मास्तरांचा डावा कान गोळीबाराच्या मैदानानं पुरता खाल्ला होता, आणि उजवा अर्धा. तीस वर्षं पोलिसांना बंदूक धरायला शिकवली, त्याचं हे बक्षीस. पण हे त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि बहिऱ्या शिक्षकाला प्रशिक्षण केंद्रात कोण ठेवून घेणार? समोरच्याच्या ओठांकडे बघत, मान डोलावत ते दिवस ढकलत होते. दोन वर्षांपूर्वी बायको वारल्यापासून घरात तर ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या महिन्यात केंद्रावर नवे शिक्षक तयार करण्याचा वर्ग होता. बारा जण आलेले. बरेचसे पोलीस, दोन बँकेचे सुरक्षारक्षक आणि तुरुंगातून आलेली एक बाई. होती साधी शिपाई, पण सगळे तिला जेलरबाई म्हणत. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक धडा शिकवून दाखवायचा होता. तिच्या वाट्याला आलं, आत कोंडून घेतलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलणं.

आतल्या माणसाचं सोंग नेहमी एक हवालदार वठवायचा. तो नेमका तापानं आडवा झाला. केंद्राच्या साहेबांनी मास्तरांच्या हातात कागद ठेवला : नोकरी गेलेला इसम, सकाळपासून आत, जवळ चाकू, पंधरा मिनिटं दाद द्यायची नाही.

सरावाचं घर म्हणजे प्लायवूडच्या चार खोल्या. छप्पर नाही, वरून फळीची वाट. तिच्यावर उभे राहून साहेब गुण द्यायचे. मास्तर रबरी चाकू घेऊन आत बसले, उजवा कान दाराला लावून.

"दारासमोर कुणी उभं राहायचं नाही," बाहेर ती वर्गाला सांगत होती. "भिंतीच्या बाजूला यायचं. आणि जमलं तर खाली बसायचं. उभ्यानं बोललं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं." मग दारावर हलकेच टकटक झाली. "काका, मी इथं बाहेर बसलेय. मला काही घाई नाही. कधीपासून आत आहात तुम्ही?"

सकाळपासून, असं म्हणायचं होतं.

"दोन वर्षं झाली," मास्तर म्हणाले.

 बाहेर पावलं मागं सरकल्याचा आवाज आला. तिनं वर्गाला लांब जायची खूण केली असावी.

"दोन वर्षांत दार कुणी वाजवलं?"

"दूधवाल्यानं."

"आणखी?"

"मुलगा फोन करतो दर रविवारी. लांब असतो तो. मला निम्मं ऐकूच येत नाही. मी आपला 'बरं, बरं' करतो. त्याला वाटतं, सगळं बरं चाललंय."

"आणि त्याला सांगितलं तर?"

मास्तर हातातला रबरी चाकू उलटसुलट करत राहिले.  तिनं पुन्हा विचारलं नाही, नुसती बसून राहिली. इतका वेळ आपल्यासाठी कुणी बसलं नव्हतं. त्यांनी चाकू दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवला आणि कडी काढली.

"मास्तर, नऊच मिनिटं झाली," वरून साहेब म्हणाले. "फार लवकर विरघळलात."

"बाई बरोबर बोलल्या, साहेब," मास्तर म्हणाले आणि तोंड धुवायला नळावर गेले.

संध्याकाळी बॅग घेऊन ती त्यांना शोधत आली. पास झाली होती.

"कागदावर दोन वर्षं नव्हती," ती म्हणाली.

"तो कागद तुम्ही वाचायचा नव्हता."

"साहेबांच्या टेबलावर उघडाच पडला होता." ती किंचित हसली. मग त्यांनी उजवा कान पुढं केलेला पाहून त्या बाजूला येऊन म्हणाली, "ऐकू येत नसेल तर लिहा ना त्याला. फोनवर लिहिता येतं." गाडीचा भोंगा वाजला तशी ती निघाली. पुढं त्यांची कधी गाठ पडली नाही.

रविवारी फोन वाजला. मास्तरांनी तो उचलला नाही. वाजायचा थांबल्यावर चष्मा लावून एका बोटानं लिहिलं : 'मला ऐकू येत नाही. बराच काळ झाला. लिहून बोल.'

उत्तर यायला बराच वेळ लागला. 'बाबा, मला वाटायचं तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं.'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग लिहायला बसले. अक्षरं सापडता सापडत नव्हती. चार ओळींना तास गेला. मुलानं 'उद्या सविस्तर लिहितो' म्हणून कळवलं. घर पुन्हा होतं तसं शांत झालं.

सोमवारी नवी तुकडी आली. मास्तर फळ्यापाशी उभे राहिले. मागच्या बाकावर बसून साहेब बघत होते.

"सगळे माझ्या उजव्या हाताला बसा," मास्तर म्हणाले. "डावा कान गेलाय माझा. आणि जे बोलाल ते मोठ्यानं बोला."