टबातले तपकिरी पाणी

शनिवारी सकाळी आठ वाजता कॅल्विन थॉर्पच्या दारापुढे तेवीस माणसे उभी होती. मी मोजली. मोजायला मला वेळ होता. रस्त्याच्या अलीकडे माझे केस कापायचे दुकान आणि शनिवार असूनही खुर्चीत कोणी नव्हते.

आमचे ब्रॅनॉक नेब्रास्कातले लहान गाव. धान्याचे कोठार, दोन चर्च, एक शाळा. अशा गावात तेवीस माणसे रांगेत उभी राहतात ती अंत्यविधीला, नाहीतर फुकट जेवणाला. इथे तर ती माणशी चाळीस डॉलर देऊन पाय बुडवायला उभी होती.

चमत्कार असा होता. जुन्या बियाण्याच्या दुकानात थॉर्पने सहा खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीपुढे एक टब, टबात कोमट स्वच्छ पाणी. त्यात तो डबीतली चिमूटभर पूड टाकायचा आणि वायर जोडलेली मुठीएवढी नळी सोडायचा. मग गुडघ्यांपासून टबापर्यंत टॉवेल टाकून बटण दाबायचा. अर्ध्या तासाने टॉवेल काढला की पाणी तपकिरी. वर फेस, फेसात काळे ठिपके. पाय मात्र धुतल्यासारखे. बायका तोंडावर हात घेत. पुरुष खाली वाकून बघत आणि आपल्यातून इतके निघाले म्हणून थोडे खूशही होत.

"तळपायाला दोन हजार भोकं आहेत," थॉर्प सांगायचा. "निसर्गानं ती उगाच ठेवली का? तुमचं यकृत तुम्हाला रोज पत्र लिहितं. मी फक्त वाचून दाखवतो."

ते अक्षर त्यालाच तेवढे लागत असे. नारिंगी म्हणजे सांधे. हिरवट म्हणजे पित्ताशय. काळे ठिपके म्हणजे यकृत. फेस म्हणजे लहानपणापासून अंगात मुरलेली सर्दी. अंगावर पांढरा कोट, खिशात छोटी बॅटरी. बॅटरी पाण्यावर धरून तो एवढा वेळ गप्प राहायचा की माणूस आपणच आपले आजार सांगू लागे. पुढच्या शनिवारी थॉर्प तेच आजार पाण्यात दाखवी.

कोठाराचा मॅनेजर ऑरव्हिल माझे जुने गिऱ्हाईक. तो एकदा रस्ता ओलांडून सांगायला आला. "मायलो, माझ्यातून काय निघालं म्हणतोस? ट्रॅक्टरचं ऑइल. अगदी तोच रंग."

मी म्हणालो, "मग तुला डॉक्टर कशाला? मेकॅनिककडे जा."

तो हसला नाही. "तुला जळतंय," म्हणाला.

जळत होते. ते लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून आधीच सांगतो. माझ्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. एक माझी, दुसरी माझ्या बायकोची, आर्डिसची. ती बायकांचे केस करायची, हातापायांची नखे करायची. चौतीस वर्षे आम्ही पाठीला पाठ लावून काम केले. गेल्या वर्षी नोव्हेंबरात ती गेली. पोटातला आजार होता, उशिरा कळला. ती गेल्यावर तिची गिऱ्हाईके समोर गेली. त्यांच्यामागून त्यांचे नवरे गेले. पण मला झोंबले ते वेगळेच. एका शनिवारी दार उघडे असताना थॉर्पचा आवाज माझ्यापर्यंत आला. तो कुणाला तरी सांगत होता, "आर्डिस सेडलाक माझ्याकडे सहा गुरुवार आली. शेवटी शेवटी तिचं पाणी किती निवळलं होतं. जरा आधी आली असती तर."

त्या प्रत्येक गुरुवारी आर्डिसने मला सांगितले होते की बहिणीकडे जाते.

मी वस्तरा खाली ठेवला. बायको गेल्याचे दुःख मला ठाऊक होते. बायको गेल्यावरही तिच्यावरून दुसऱ्याचा मत्सर वाटतो, हे ठाऊक नव्हते. माझ्याशी ती शेवटच्या महिन्यांत फार बोलली नव्हती. त्या पांढऱ्या कोटवाल्याशी काय बोलली असेल, हे मी केस कापताना, जेवताना, चर्चमध्येही धरून बसलो.

तिची धाकटी बहीण व्हर्ला तीन गल्ल्या सोडून राहते. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे, पायांना स्पर्श कळत नाही. मार्चमध्ये मी तिला थॉर्पच्या दारातून लंगडत बाहेर येताना पाहिले. मी गाठून विचारले, तेव्हा तिने सांगितले की टाचेला जखम आहे आणि ती वाहते. ती वाहते ते बरेच, असे थॉर्प म्हणाला होता. विषाला बाहेर पडायला दार सापडले आहे, आता डॉक्टरकडे जाऊन ते बंद करून घेऊ नका.

"व्हर्ला, तो कोण आहे? काय शिकलाय?"

"त्याच्या भिंतीवर राज्याचा परवाना आहे, मायलो. सोनेरी शिक्का आहे. तुझ्यासारखाच."

आमच्या राज्यात नियमच आहे. परवाना चौकटीत घालून खुर्चीजवळ, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा. लोकांना लहानपणापासून सवय असते. खुर्चीत बसायचे, भिंतीकडे बघायचे, शिक्का दिसला की मान मागे टाकायची. माझ्या चौतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझा परवाना वाचला नाही. मी स्वतःसुद्धा डॉक्टरकडे गेलो तर शिक्काच बघतो.

मी परवाना मंडळाला फोन केला. तिथली बाई नीट बोलली. नखे कापत असेल, त्वचेला हत्यार लावत असेल तर परवाना लागतो, म्हणाली. नुसते पाय पाण्यात ठेवायला लागतो की नाही, ते तपासावे लागेल. लेखी तक्रार पाठवा, निरीक्षक येईल. कधी येईल हे तिला सांगता आले नाही. मी तक्रार पाठवली. गावात ते कळले आणि माझ्या खुर्चीत बसणारे दोघेचौघेही यायचे थांबले.

शेवटी एका सोमवारी, दुकान बंद असते तेव्हा, मी गाडी काढून रॅडके बाईंकडे गेलो. इमोजीन रॅडके. आर्डिसने जिथे परवान्याचे शिक्षण घेतले, त्या शाळेत त्या शिकवत. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. आर्डिस दर नाताळला त्यांना कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, पाठवायची. मी सगळे सांगितले, पाण्याच्या रंगासकट. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "पाण्यात पूड टाकतो म्हणालास. खारट असते का?"

मला माहीत नव्हते.

"आणि पाणी आठवड्या-आठवड्यानं निवळत जातं?"

"हो."

त्या हसल्या. चांगले हसू नव्हते ते. "केस कापायला दोन हजार तास शिकायचं कशाला, म्हणून लोक आमची थट्टा करायचे. त्या तासांत विजेचा एक अख्खा धडा होता. तुझी बायको त्यात पहिली आली होती. शनिवारी मला तिथे घेऊन चल. आणि तू आलास तर तोंड मिटून बस. तुझं तोंडच तुझा शत्रू आहे."

शनिवारी मी त्यांना सोडले आणि भिंतीकडेच्या बाकावर व्हर्लाशेजारी बसलो. लोकांनी माझ्याकडे पाहिले आणि एकमेकांकडे पाहिले. ऑरव्हिल म्हणाला, "आलास शेवटी? घाल, घाल पाय. तुझ्यातून हिरवं निघेल बघ."

रॅडके बाई खुर्चीत बसल्या. थॉर्पने पाणी भरले, पूड टाकली, नळी सोडली. बूट काढा म्हणाला. बाई म्हणाल्या, "या वयात मी पाय कुणाला दाखवत नाही. टॉवेल टाका नि पलीकडे बघा, मी घालते." तो हसून पलीकडच्या टबाकडे वळला. वळता वळता त्याने बटण दाबले.

अर्धा तास गेला. बाईंनी पिशवीतून विणकाम काढले होते. थॉर्प परत आला, बॅटरी लावून वाकला आणि टॉवेलची कड थोडी उचलून पाण्यात पाहत राहिला. पाणी गडद तपकिरी झाले होते.

"बाई," तो हळू म्हणाला, "हे फार जुनं आहे. यकृत दमलंय. गुडघे रात्री दुखतात ना? आणि हा फेस... लहानपणी छातीचा आजार झाला होता?"

"हे सगळं माझ्या पायांतून आलं?"

"प्रत्येक थेंब."

रॅडके बाईंनी विणकाम बाजूला ठेवले आणि टॉवेल ओढून काढला. टब पुढे सरकवलेला होता. त्यांचे दोन्ही पाय टबाच्या अलीकडे, खुर्चीखाली होते. काळे बूट, नाडी बांधलेली, कोरडे.

मग ऑरव्हिल आपल्या टबात उभा राहिला आणि स्वतःच्या पायांखालच्या पाण्याकडे बघू लागला.

थॉर्प म्हणाला की शरीराची ऊर्जा हवेतूनही जाते. बाईंनी त्याला बोलू दिले. मग नळी उचलून सगळ्यांना दाखवली. आत लोखंडाच्या पट्ट्या होत्या, गंजून खाल्लेल्या. "मिठाच्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की लोखंड झिजतं," त्या म्हणाल्या. "हा गंज आहे. काळे ठिपके, तोही गंज. फेस टबाला उरलेला साबण, आणि तुमच्या टबांत पायांवरचं तेलही. पहिल्या दिवशी तो मीठ जास्त टाकतो, पाणी काळं होतं, तुम्ही घाबरता. पुढे चिमूट लहान होत जाते, पाणी निवळतं, तुम्हाला बरं वाटतं. हवं असेल तर घरी बादलीत करून बघा. पाय घालू नका, वीज आहे."

त्यांनी चाखून दाखवायला डबी पुढे केली. ऑरव्हिलने बोट बुडवून जिभेला लावले. मीठच होते.

व्हर्ला माझ्याशेजारी ताठ बसली होती. "पण परवाना?" ती म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तिला तो कागद खरा हवा होता.

बाई भिंतीपाशी गेल्या, चष्मा लावला आणि चौकटीतला कागद मोठ्याने वाचला. शिक्का खरा होता. सही खरी होती. राज्याच्या महसूल खात्याने कॅल्विन थॉर्प यांना किरकोळ माल विकून त्यावर विक्रीकर गोळा करण्याची परवानगी दिली होती. असा कागद खिळे-स्क्रू विकणाऱ्याकडेही असतो.

थॉर्प शांतपणे म्हणाला, "मी डॉक्टर आहे असं कधी म्हटलं? तुमच्यापैकी कुणी वाचलं नाही, त्याला मी काय करू?"

यात तो खरे बोलला होता. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

मग रॅडके बाई, ऐंशी ओलांडलेल्या, व्हर्लापुढे गुडघ्यांवर बसल्या. तिचा मोजा सोडवला. टाच पाहिली, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडी काढ. आत्ता."

कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इस्पितळापर्यंत चाळीस मिनिटे लागतात. बाई मागे, व्हर्ला माझ्याशेजारी. निम्म्या वाटेवर मी विचारले. इतके दिवस गिळून ठेवलेले तेच. "आर्डिस त्याच्याकडे कशाला जात होती? मला काय झालं होतं?"

व्हर्लाने खिडकीबाहेर बघतच सांगितले. "तिला सगळं माहीत होतं, मायलो. पहिल्याच दिवशी म्हणाली, हा गंज आहे, आम्हाला शाळेत शिकवलंय. मला म्हणाली, तू पाय घालू नकोस, तुझ्या पायांना घाव कळत नाहीत. पण तिचे पाय गार पडायचे. म्हणाली, पाणी गरम आहे आणि हा माणूस नुसता बडबडतो. घरी मायलो माझ्याकडे बघतो तेव्हा मलाच त्याला धीर द्यावा लागतो."

"आणि तिनं नको म्हटलं असून तू पाय घातलेस?"

"माझे पाय दर महिन्याला ती बघायची. ती गेल्यावर कोणी बघितले?"

मी बघितले नव्हते. तिने डिसेंबरात एकदा विचारले होते. माझा परवाना मानेच्या वरचा आहे, असे म्हणून मी हसण्यावारी नेले होते. कायदा गिऱ्हाइकांसाठी असतो. मेहुणीची टाच बघायला कोणत्याही राज्यात परवाना लागत नाही. मला पाय हातात घ्यायचे नव्हते, कारण ते काम आर्डिसचे होते.

डॉक्टरांनी टाचेची जखम साफ केली, संसर्ग पोचलेली दोन बोटे काढली, पाऊल वाचले. अजून दहा दिवस गेले असते तर गुडघ्याखाली काही राहिले नसते, असे ते म्हणाले. निरीक्षक तीन आठवड्यांनी आला तेव्हा थॉर्पच्या दाराला कुलूप होते. दोन कौंट्या पलीकडे त्याने खुर्च्या मांडल्याचे ऐकतो. तिथेही शनिवारी रांग असणार.

ऑरव्हिल परत माझ्याकडे केस कापायला येतो. एकदा म्हणाला, "तुला जळत होतं म्हणून आम्ही ऐकलं नाही." बरोबरच केले. जळणाऱ्या माणसाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये. म्हणूनच टबात पाय न घालता पाणी बघायचे असते. लोखंड माझ्या रागाने गंजत नाही आणि थॉर्पच्या गोड बोलण्याने थांबत नाही. मत्सरी माणसाने बटण दाबले तरी पाणी तेवढेच तपकिरी होते.

आणखी एक काम राहिले होते. आर्डिसचा परवाना तिच्या खुर्चीजवळ अजून लटकत होता. त्याची मुदत डिसेंबरातच संपली होती. नियमाने तो काढायला हवा होता. निरीक्षक माझ्या दुकानात आला, त्याने तो पाहिला, तारीख वाचली आणि काही न लिहिता गेला. भला माणूस. पण मी तारीख संपलेला कागद भिंतीवर ठेवून रोज सकाळी त्याच्याकडे बघत होतो, जणू तिचे काम तो कागद करतो आहे. मी तो उतरवून कपाटात ठेवला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला आहे, तो राहू दे.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी व्हर्लाकडे जातो. इस्पितळातल्या परिचारिकेने शिकवले तसे कोमट पाण्यात पाय धुतो, बोटांच्या मधे पुसतो, आरसा धरून टाच बघतो. पाणी गढूळ होते ते धुळीने. घाव दिसला तर मी हात लावत नाही, डॉक्टरला फोन करतो. रॅडके बाई म्हणतात की दोन हजार तासांतला पहिला तास तोच असतो. कुठे हात लावायचा नाही, ते.

तुम्ही कुठल्याही खुर्चीत बसाल. समोर चौकट असेल, तीत शिक्का असेल. मान मागे टाकण्याआधी उठा, जवळ जा आणि तो कागद वाचा.