वजन उतरवलेली सायकल

त्या सकाळी टेकडीच्या माथ्यावर जो आवाज उठला तो माझा होता, यावर अजूनही माझाच विश्वास बसत नाही. मी बोलले की समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागतं. दुकानदार हमखास दोनदा विचारतो, "काय म्हणालात?" आणि वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, सरळ तोंडावर सांगतात, "वहिनी, तुमच्या घशात कुणीतरी कापूस भरलाय."

सकाळी तर मी तेवढंही बोलत नाही. आमचे हे रंगारी. काही वर्षांपूर्वी एका उंच इमारतीची भिंत रंगवताना परांची सुटली आणि हे खाली आले. इस्पितळात डोळे मिटून पडलेले, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघत होते. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, यांना उठव. रोज जाग आल्यापासून टेकडीवरच्या तुझ्या खोलीत दिवा लावेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. हे उठले. तेव्हापासून रोज सकाळी मी सायकलवर तो चढ चढते, दिवा लावते, प्रार्थना म्हणते, मग माझी जीभ सुटते. ताप असला तरी गेले. एकदा सकाळी कढईतल्या तेलाने पेट घेतला, तेव्हाही मी ओरडले नाही. ताटावर पळी आपटत राहिले, आणि हे अर्धी दाढी झालेले तसेच धावत आले. या व्रताची यांना गंमतही वाटते आणि धाकही. मित्रांना सांगतात, "माझा जीव हिच्या जिभेवर टांगलेला आहे. सकाळी हिला छळायचं नाही, आधीच सांगून ठेवतो."

रस्त्यात माझ्या वतीने सायकलची घंटी बोलते. दूधवाल्याला एकदा वाजवली की "ठेवा दारात", दोनदा वाजवली की "आज नको". त्याला आता पाठ झालंय.

तर शर्यतीचं. शाळेच्या फाटकापासून माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आमच्याकडे दरवर्षी सायकलींची शर्यत होते. कुणी भरवत नाही, आपोआप भरते. बक्षीस नाही. उलट जिंकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, म्हणून जिंकायची खरी हौस एकट्या बेकरीवाल्याला. पण एक पद्धत सगळे कसोशीने पाळतात, ती म्हणजे वजन उतरवणं. आदल्या संध्याकाळी सायकलवरून मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, सगळं निघतं. ब्रेकसुद्धा निघतात. चढावर ब्रेक कशाला लागतो, असा हिशोब. परत येताना सायकली आणि माणसं भाजीवाल्याच्या ट्रकमधून खाली येतात, आणि शेवटचा माणूस वर पोचल्याशिवाय ट्रक जागचा हलत नाही.

यंदा यांनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं. "अगं, रोज जातेसच की. एक दिवस चार माणसांबरोबर जा."

"आणि माझं व्रत?" मी विचारलं.

"शर्यतीत बोलायचं नसतंच. धाप लागते."

संध्याकाळी अंगणात पाना घेऊन यांनीच माझी सायकल सोलली. वन्संनी स्वतःची तर केव्हाच सोलून भिंतीला टेकवली होती. "दादा, वहिनींची घंटी काढलीस?" त्या हसत म्हणाल्या, "मग आता त्या रस्त्यात भांडणार कशा?" ब्रेक, त्यांच्या तारा, घंटी, सगळं यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि डबा खिडकीत ठेवला.

सकाळी फाटकाशी गर्दी होती. लोक मला हाका मारत होते, मी मान हलवत होते. हे आधीच ट्रकमधून वर गेले होते. शिट्टी झाली आणि बेकरीवाला निघाला तो दिसेनासाच झाला. मी माझ्या रोजच्या चालीने चढत राहिले. मनात नाम, पायात पेडल. नामाची लय मोडत नाही तोवर माझा दम मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. एकेक करून पुढची माणसं मागे पडू लागली. त्यांची तोंडं उघडी, माझं मिटलेलं.

मोठ्या वळणावर वन्सं रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या. चेन उतरली होती, गुडघा फुटला होता. मी उतरले. काय झालं, कसं झालं, काही विचारता येईना. पदराने रक्त टिपू लागले तर त्यांनी माझा हात झटकला.

"खरचटलंय नुसतं! वहिनी, तुम्ही जा हो. तो शिंपी तुमच्या पुढे जाईल!"

मी थांबलेच होते.

"जा म्हणते ना! घरातली एक तरी वर पोचू दे!"

मी गेले. शिंपी माझ्या पुढे गेलाच होता. तिसरी आले. टाकीपाशी यांनी माझी सायकल धरली आणि सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. "तिसरी! बायको कुणाची आहे!" मी लाजून देवाच्या खोलीकडे वळले. खोली टाकीला लागूनच आहे. आत एक दिवा, एक चटई, कोनाड्यात काडेपेटी. वात सारखी केली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली.

तेवढ्यात बाहेर शिंप्याचा आवाज आला. "अहो रंगारी, तुमची बहीण पडलीय वळणावर. गुडघ्यातून रक्त येतंय. येताना पाहिलं मी."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"दम तर खाऊ दे माणसाला!"

"ट्रक काढा रे!"

"अजून निम्मे खाली आहेत," भाजीवाला म्हणाला.

मी हातात पेटती काडी धरून दाराकडे वळले. मला सांगायचं होतं, खरचटलंय नुसतं, काही नाही. दिवा लावून मग सांगू, असं मनात आलं. आणि पाहते तर हे माझ्या सायकलवर टांग टाकत होते.

क्षणभर मला काही कळलंच नाही. आपला माणूस सायकलवर बसतोय, एवढंच दिसत होतं. मग हँडल दिसलं. नागवं हँडल. समोर उतार, खाली मोठं वळण, वळणाच्या पलीकडे दरी. ज्या हातांनी यांनी ब्रेक काढले होते तेच हात त्या हँडलवर होते, आणि यांना त्याची आठवणही नव्हती.

माझा अंगठा घंटी शोधू लागला. खरंच शोधू लागला, काडीच्या बुंध्यावर. वाजवायला ताट नव्हतं, पळी नव्हती. बाकीचे सगळे बेकरीवाल्याकडे चहा मागण्यात गुंतले होते. वात माझ्यापासून हातभर लांब. मागे वळून ती पेटवावी, की... यांचा पाय जमिनीवरून उचलला गेला. सायकल निघाली.

"थांब!"

टाकीखालची कबुतरं उडाली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ब्रेक नाहीत! अरे, ब्रेक नाहीत त्याला! वाळूत घाल!"

हे ऐकून यांची बोटं वळली. जिथे ब्रेकचे दांडे असायचे तिथे ती मिटली, रिकामीच. मला पाठमोरे दिसत होते, तरी मानेवरून कळलं की हे आपल्या हातांकडे बघताहेत. सायकलला वेग आला होता. उताराच्या सुरुवातीला रस्तेवाल्यांनी वाळूचा ढीग टाकून ठेवलाय. यांनी हँडल तिकडे फिरवलं. सायकल वाळूत रुतली, हे तिच्यावरून पुढे उडाले आणि ढिगाच्या पलीकडे दिसेनासे झाले.

मी धावले की नाही, आठवत नाही. मी तिथे होते एवढं खरं. हे उताणे पडले होते, डोळे मिटलेले, अगदी इस्पितळात होते तसेच. ओठांवर वाळू. मला वाटलं, झालं. बोललीस ना? घे.

तेवढ्यात हे खोकले. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या माणसांकडे.

"कोण ओरडलं?"

बेकरीवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही?" हे म्हणाले. मनगट विचित्र वाकलं होतं, ते छातीशी धरून उठून बसले. "हिने मला अरे-तुरे केलं?"

कुणीतरी हसलं. यांनाही हसू येत होतं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. यांची नजर देवाच्या खोलीकडे गेली. दार उघडं होतं, आत अंधार होता.

"दिवा," हे हळूच म्हणाले. "लावला होतास?"

मी मान हलवून नाही म्हटलं. काडी कधीच विझली होती. बोट भाजलंय हे मला तेव्हा कळलं. यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. एवढी वर्षं जी चेष्टा करत आले, तिच्यावर यांचा माझ्याइतकाच विश्वास होता, हे मी त्या दिवशी पाहिलं.

वन्सं लंगडत, सायकल ढकलत वर आल्या. "दादा, मनगट? आणि तो आवाज कुणाचा होता? वळणापर्यंत आला."

"तुझ्या वहिनीचा."

"चल, काहीतरीच!"

शिंप्याने त्याचा गळपट्टा यांच्या हाताला बांधला. ट्रक काढायला सगळ्यांनी घाई केली, पण हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आधी हिला दिवा लावू द्या." दारापर्यंत माझ्याबरोबर आले. चौकटीला टेकून उभे राहिले. मी काडी पेटवली. यांनी चांगला हात पुढे करून माझं मनगट धरलं. वात लागली.

"लागला," हे म्हणाले. "आता बोल."

मी देवासमोर तोंड उघडलं. रोजची प्रार्थना, रोजचा पहिला शब्द. ओठ हलले आणि घशातून नुसता वारा आला. पुन्हा म्हटलं. पुन्हा वाराच.

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. दोघांच्या मध्ये दिवा शांत जळत होता. बाहेर वन्सं विचारत होत्या, "काय झालं? काय म्हणतायत वहिनी?" आणि यांच्या तोंडूनही शब्द फुटत नव्हता.