क्लायंट

रश्मी मोहितेने वर्गात एकच थाप मारली होती, आणि तीही अर्धी. “माझा क्लायंट आमच्या भागातला एक गायक आहे,” असं तिने ॲलिस्टर सरांना सांगितलं. आमच्या भागातला हे खरं होतं, गायक हेही खरं होतं. तो आपला बाप आहे, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, तिने ते राहू दिलं.

दादरच्या त्या कॉलेजात मीडियाच्या शेवटच्या वर्षाला ‘ऑनलाइन मीडिया बिझनेस’ नावाचा पेपर होता. हा विषय पुस्तकातून येत नाही, असं सरांनी पहिल्याच तासाला जाहीर केलं. प्रत्येकाने एक क्लायंट धरायचा, त्याचं पेज चालवायचं, माणसं जमवायची आणि शेवटी क्लायंटला वर्गात आणून त्याच्यासमोर सगळं मांडायचं. ज्याचं काम सर्वांत चांगलं, त्याची शिफारस सर एका मोठ्या कंपनीत करणार होते. कुणाला मामाचं कॅफे मिळालं, कुणाला काकूचं पार्लर. घोडपदेवच्या चाळीतल्या रश्मीला कॅफेवाला मामा कुठून असणार? तिच्याकडे पप्पा होते.

जगदीश मोहिते माझगावच्या गोदीत फिटर होते, पण फिटर म्हणून त्यांना गोदीतच ओळखत. बाहेर, भायखळ्यापासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत, जयंती असो, बारसं असो की कुणी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, लोक त्यांची वाट बघत. भीमगीतं ते स्वतः लिहीत आणि स्वतःच गात. या गायनपार्ट्यांची एक रीत असते. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. ‘मोहिते जगदीश’ हे शब्द आले की पप्पांचा आवाज असा चढायचा की मंडपाबाहेर उभी असलेली माणसंही आत डोकावायची. गोदीतल्या हजेरीत ते नाव रोज पुकारलं जाई, पण ते नाव त्यांचं स्वतःचं होई ते या कडव्यात.

रश्मीने नेमकं तेच कडवं कापलं. प्रत्येक रीलमधून.

कारण उघड होतं, निदान तिला स्वतःला. मोहिते हे आडनाव मुंबईत कुठेही खपून जातं. वर्गात तिला कुणी ‘तुम्ही कोण’ असं विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. तीन वर्षं डब्यातली भाजी वाटून खाल्ली, नोट्स दिल्या-घेतल्या, सगळं छान चाललं होतं. आता भीमगीतं गाणारा मोहिते आणि तिसऱ्या बाकावरची मोहिते यांची बेरीज करायला अशी काय अक्कल लागते? विषय निघाला नाही म्हणून सांगितलं नाही, असं ती मनाशी म्हणायची. विषय निघू नये म्हणून किती जपावं लागतं, ते मात्र तिलाच ठाऊक होतं.

“माझं नावाचं कडवं कुठं गेलं गं?” एकदा पप्पांनी विचारलं.

“पप्पा, रील तेवढीच असते.”

“बरं बाय. तुला त्यातलं कळतं, मला काय कळतंय?” ते म्हणाले आणि पुन्हा पेटीकडे वळले. त्यांनी वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग एक रील चालली. चालली म्हणजे अशी सुसाट, की सरांनी वर्गात टाळी दिली. खाली कॉमेंटचा पाऊस पडला. त्यात ‘जय भीम’ होतं, ‘वा दादा’ होतं, आणि ते दुसरंही होतं. पप्पांच्या जातीवरून, रंगावरून, त्यांच्या आईवरून लिहिलेलं. लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी प्रोफाइलला देवाचे फोटो लावले होते. रश्मी रोज संध्याकाळी बसून ते पुसायची. आई दुर्गा पोळ्या लाटता लाटता विचारायची, “काय म्हणतात गं लोक?” आणि ती म्हणायची, “चांगलं म्हणतात.” पप्पांच्या साध्या फोनवर त्यातलं काही दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

एका तासाला सरांनी तिच्या पेजचे आकडे पडद्यावर लावले. “रश्मी, तू कॉमेंट डिलीट करतेस काय? अगं, शिव्या घालणारा पण ऑडियन्सच असतो. तो भांडतो, म्हणून दुसरा उत्तर द्यायला येतो, म्हणून रील फिरते. तू तुझ्या क्लायंटचं नुकसान करतेस.”

सर वाईट नव्हते. माझगावचे, कुणाच्या अडीअडचणीला धावणारे, मुलांची फी स्वतः भरून मोकळे होणारे. हा माणूस त्या मुलीचा बाप आहे हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी जीभ चावली असती. पण ठाऊक कसं असणार? रश्मीने ‘ओके सर’ म्हटलं आणि त्या दिवसापासून पुसणं थांबवलं. आकडे वर गेले. तिला स्वतःची किळस आली, आणि तरी ती रोज आकडे बघत राहिली.

क्लायंटला आणायची वेळ आली तेव्हा तिने सांगितलं, “त्यांना सुट्टी मिळत नाही सर.” सरांनी पेजवरचा कार्यक्रमाच्या बुकिंगचा नंबर घेतला आणि स्वतःच फोन केला. पप्पांनी घरी चकार शब्द काढला नाही. लेकीला जरा चकित करावं, एवढाच त्यांचा बेत.

त्या दुपारी ते वर्गाच्या दारात उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, केस चापून बसवलेले, हातात पिशवी. ओठांवर हसू मावत नव्हतं.

“या, या, बसा,” सर म्हणाले. “नाव काय तुमचं? पेजवर कुठे नावच नाही.”

“मी...” म्हणत पप्पांनी लेकीकडे पाहिलं. रश्मीने मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं. स्टेजवर उभा राहणारा माणूस समोरच्याचा चेहरा वाचायला चुकत नाही.

“जगदीश,” ते म्हणाले आणि तिथेच थांबले.

“रश्मी कुठे भेटली तुम्हाला?”

“कार्यक्रमाला आल्या होत्या. तिथंच ओळख झाली मॅडमची.”

मागच्या बाकावर कुणीतरी ‘मॅडम’ म्हणून खुसखुसलं. रश्मीच्या कानशिलांतून जाळ निघाला. सरांनी उत्साहाने पडदा लावला. “हे बघा. हे लोक असंच लिहितात, मनावर घेऊ नका. पण यांच्यामुळे तुमचं गाणं केवढ्या लोकांपर्यंत गेलं! आणि या पोरीने नंतर एकही कॉमेंट काढली नाही. हिंमत लागते त्याला.”

पप्पा उठून पडद्याजवळ गेले. नवं गाणं वाचताना पुटपुटायचे तसे पुटपुटत त्यांनी एकेक ओळ वाचली. आईवरची ओळ आली तेव्हा ओठ थांबले. वर्गातलं हसू केव्हाच विरलं होतं.

“हे मॅडमनी ठेवलं?”

“हो. मी सुचवलं, पण निर्णय तिचाच.”

“मग त्यांना पूर्ण मार्क द्या, सर. त्यांनी मेहनत घेतलीय.” त्यांनी पिशवी उचलली आणि सरांना हात जोडले.

रश्मी उभी राहिली. बाकावरची वही खाली पडली, तिचं तिला भान नव्हतं. “सर, हे माझे पप्पा आहेत.” आवाज फाटला. “मी खोटं बोलले. हे जगदीश मोहिते. माझे पप्पा आहेत.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईने पडदा बंद केला. सगळा वर्ग दाराकडे बघत होता.

पप्पा दारात वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर ती धावत जाऊन त्यांच्या पाया पडली असती.

“बसा मॅडम,” ते म्हणाले. “तुमचा तास चालू आहे.” आणि बाहेर जाऊन त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.