मी मुल्ला झालो आणि उतरलो

मला मधुमेह झाला, आणि त्यामुळे मी मुल्ला झालो. डॉक्टरांनी डोळे, मूत्रपिंडं, पाय अशी धोक्याची सगळी ठिकाणं सांगितली होती. हा धोका मात्र कोणी सांगितला नव्हता.

आमच्या मर्गिलान शहरात आमची शाळासोबत्यांची बैठक आहे. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दुपारी कोणा एकाच्या घरी जमायचं. यजमानाने अंगणातल्या कढईत स्वतः पलाव करायचा आणि बाकीच्यांनी तो कसा बिघडलाय हे सांगत सांगत संपवायचा. मी मोबाइल दुरुस्त करतो. दिवसभर फुटलेल्या काचांशी बोलतो. माणसांशी बोलायची माझी तेवढीच एक जागा.

आणि ती जाईल अशी मला भीती होती, सोबीरमुळे. सोबीरला पोटात अल्सर झाला तेव्हा सगळे कळवळले. "तू आराम कर रे," म्हणाले. त्याने केला. तेव्हापासून दर बैठकीत त्याची आठवण निघते आणि कोणीतरी उसासा टाकतं, "काय माणूस होता!" सोबीर पलीकडच्या गल्लीत राहतो. परवाच माझ्याकडून बॅटरी बदलून घेऊन गेला.

म्हणून इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मी ठरवलं की जिवंतपणी स्वतःची आठवण काढून घ्यायची नाही. पलाव उतरायच्या सुमारास मी छोटी पिशवी घेऊन उठायचो, अंगणाच्या टोकाला नळाच्या आडोशाला पोटात सुई टोचायचो आणि हात धुऊन परत यायचो. एकदा तुल्किनने मला ओल्या हातांनी येताना पाहिलं.

"काय हमदम, नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून आलास?"

मी "हो" म्हणालो. "नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

पुढच्या बैठकीला माझी जागा दाराजवळून उठून वरच्या, मानाच्या टोकाला गेली. जेवणाआधीची दुवा माझ्याकडे आली, मग नंतरचीही. तुल्किनची बिअर चहाच्या किटलीत गेली आणि माझ्यादेखत सगळे ती फुंकून फुंकून पिऊ लागले. एर्गाशच्या आईने तर बंद पडलेल्या गाडीवर फुंकर मारायला बोलावलं. मी मारली. गाडी सुरू झाली. त्यानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही.

फक्त झाकीर छळायचा. झाकीर आमच्यातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात तिखट. "मुल्ला, मिठाई घ्या की! का स्वर्गातल्या मिठाईसाठी पोट रिकामं ठेवताय?" स्वतः मात्र "घरून खाऊन आलोय" म्हणून बशी पुढे सरकवायचा. त्याच्या देहाकडे बघून कोणाला शंका यायची नाही.

त्या रविवारी बैठक एर्गाशकडे होती. "पलाव दमावर आहे, आता काढतोच," एर्गाश ओरडला. मी नळापाशी जाऊन सुई टोचून आलो. ही सुई जेवणाची वाट बघत बसत नाही. पोटात काही गेलं नाही तर आहे ती साखर खाली ओढत राहते. येऊन बसलो तर कळलं, एर्गाशचे थोरले काका नुरमत अका वाटेत आहेत. वडीलधारं माणूस यायच्या आत कढईचं झाकण काढणं आमच्याकडे शक्यच नाही. आणि नुरमत अका वाटेत आहेत, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक घरात आहेत.

ते आले तेव्हा माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. समोर दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर, रोट्या, बेदाणे, खडीसाखरेची बशी. मी बशीकडे हात नेला. नुरमत अकांनी तो वाटेतच दोन्ही हातांत धरला.

"हाच का तो मुल्ला? पोरा, गाडीचं कळलं मला. आज एक मोठी, सावकाश दुवा होऊ दे."

सगळ्यांचे तळवे वर झाले. माझेही. ज्या बशीपासून मी वर्षभर पळत होतो ती आता वीतभर अंतरावर होती, आणि माझे दोन्ही हात देवाच्या कामात अडकले होते.

सुरुवात बरी झाली. आईवडिलांना आयुष्य, घराला बरकत. मग डोक्यात धुकं शिरलं आणि जीभ आपली आपण दुकानात निघून गेली.

"देवा, कोणाची काच तडकू देऊ नकोस."

"आमीन."

"ज्याची बॅटरी उतरली, त्याला चार्जर मिळू दे."

"आमीन!" नुरमत अकांनी डोळे पुसले. "काय खोल बोलतो पोरगा!"

"आणि जे पाण्यात पडले, त्यांना तांदळात ठेव."

"आमीन," एर्गाश म्हणाला आणि काळजीने कढईकडे बघू लागला.

पुढे मी गाजरांना एकेक करून आशीर्वाद दिला, असं तुल्किन सांगतो. मला आठवतो तो झाकीर. दस्तरखान ओलांडणं म्हणजे आमच्याकडे खुनाच्या खालोखालचं पाप. झाकीर गुडघ्यांवर रांगत, रोट्यांच्या मधून तो ओलांडून आला आणि मूठभर खडीसाखर माझ्या तोंडात घातली. पलावाचा घास आपल्या हाताने दुसऱ्याला भरवणं हा आमच्याकडे मोठा मान. झाकीरने तोच मान दिला, फक्त जरा जोरात.

"अरे, दुवा चालू आहे!" नुरमत अका ओरडले.

"देव थांबेल, अका. याची साखर उतरलीय, ती थांबणार नाही. चाव, गाढवा. गिळ. आता हा गोड चहा पी."

धुकं हळूहळू विरलं. सगळ्यांचे तळवे अजून वरच होते. खाली कधी करायचे ते कोणाला कळत नव्हतं.

"तुला कसं रे कळलं?" तुल्किनने झाकीरला विचारलं.

झाकीरने खिशातून मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी काढून रोटीशेजारी ठेवली. "माझीही उतरते कधीकधी. मी संडासात जाऊन गोळी घेतो. नळाची जागा मुल्लांनी अडवली होती ना."

"मग मला का छळायचास?" मी विचारलं.

"मला वाटलं, तू खराच धार्मिक. मी 'खाऊन आलोय' म्हणून खोटं बोलणार आणि पाप बघायला तू समोर! राग नाही येणार?"

मी पिशवी उघडून सुई दाखवली.

"म्हणजे माझी गाडी?" एर्गाश म्हणाला.

"मी फुंकलं तेव्हाच तुझ्या आईने चावी फिरवली."

खरा दुखावला तो तुल्किन. "वर्षभर! वर्षभर आम्ही बिअर फुंकून प्यायलो!"

मी पिशवी बंद केली. "मी आता आराम करतो," म्हणालो आणि उठलो.

"बस खाली," एर्गाश म्हणाला. "तुला आराम कर म्हणून कोणी सांगितलं?"

"सोबीरला सांगितलंत ना."

मग नुरमत अका खाकरले. "सोबीर? उशीर त्याच्याकडेच झाला मला. दारात खिमट खात बसला होता, तोंड या घराकडे करून. मला विचारतो, पोरं काय म्हणतात? मी म्हटलं, मला काय माहीत, मी तुझ्याकडे बसलोय."

तुल्किन उठला. सापडल्या त्या चपला घालून, म्हणजे दोन्ही डाव्या, तो निघाला. परत आला तेव्हा त्याच्या मागे सोबीर होता, हातात खिमटाचं पातेलं.

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला," सोबीर म्हणाला.

"आलाच होता," झाकीर म्हणाला. "पण तुझा एकट्याचा नव्हता. बस."

पलाव तळाला लागला होता. सगळ्यांनी एर्गाशला तो कसा बिघडलाय हे सविस्तर सांगितलं. माझं ताट झाकीरने वाढलं. भात कमी, मांस आणि कांदा-टोमॅटो भरपूर. पहिला घास त्याने स्वतःच्या हाताने भरवला. या वेळी हळू.

तेव्हापासून यजमान कढईचं झाकण उचलतो आणि पहिली वाफ दिसली की ओरडतो, "सुई!" मी सगळ्यांदेखत शर्ट वर करतो, झाकीर गोळी घेतो, सोबीर पातेलं उघडतो. माझी जागा परत दाराजवळ आली आहे. एर्गाशची गाडी परत बंद पडली आहे. दुवा तेवढी माझ्याकडेच राहिली, आणि नुरमत अकांना त्या दिवशीचीच लागते, दुसरी चालत नाही. मी तळवे वर करून म्हणतो, ज्याची बॅटरी उतरली त्याला चार्जर मिळू दे. मला मिळाला, हे मी मनातच म्हणतो, कारण झाकीर शेजारीच बसलेला असतो. पण आमीन सगळ्यात मोठ्याने तोच म्हणतो.